संसदीय समितीच्या बैठकीची तारीख दिसली, मग दिल्लीला जायचे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचे आहे ते स्पष्ट राहील. नाशिकमध्ये रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणारी तुमची छोटी संस्था आहे. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने एक विषय तपासायला घेतला, तेव्हा तुम्ही ईमेलने निवेदन पाठवले. पोच आली नाही, उत्तर आले नाही. आता संसदेच्या संकेतस्थळावर समितीची पुढच्या आठवड्यातली बैठक दिसते आहे, वेळ आणि खोलीसकट. तर दोघातिघांनी तिकिटे काढून यावे, बैठकीला बसावे आणि जमलेच तर दोन शब्द बोलावेत, हे शक्य आहे का? आणि ते निवेदन तुम्ही फेसबुकवरही टाकले आहे, त्याने काही बिघडेल का?

तिकिटे काढू नका. समितीची बैठक खासगी असते. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांतला २६६ वा नियम हेच सांगतो आणि राज्यसभेच्या अखत्यारीतल्या समित्यांचीही रीत तीच आहे. बोलावणे नसलेल्या माणसाला, तो कितीही मोठ्या संस्थेचा असो, समितीकक्षात जाता येत नाही. पत्रकारही बाहेरच थांबतात. सभागृहाचे कामकाज आपण संसद टीव्हीवर पाहतो, अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांच्या बहुतेक सुनावण्याही कोणालाही पाहता येतात, त्यामुळे आपल्याकडेही तसेच असेल असे अनेकांना वाटते. तसे नाही. वेळापत्रक सगळ्यांना दिसते, बैठक दिसत नाही.

मी दिल्लीत राहते आणि छोट्या-मोठ्या संस्थांना समित्यांसाठी निवेदने तयार करायला मदत करते. साक्षीला बोलावणे आलेल्या लोकांबरोबर पार्लमेंट हाऊस ॲनेक्स या संसदेच्या जोडइमारतीतल्या समितीकक्षांतही गेले आहे. आत कोण काय बोलले ते मी लिहिणार नाही. तसे लिहिता येत नाही, त्याचे कारण पुढे येईल. पण कामाची पद्धत सांगता येते आणि ती तुमच्या उपयोगाची आहे.

माझ्या मते तुमची अडचण तारखेची नाहीच. वेळापत्रकात तारीख झळकते तेव्हा त्या दिवशी कोण बोलणार हे ठरून गेलेले असते. साक्षीदारांची यादी आधी बनते, तारीख मागाहून पडते. म्हणून तारखेवर डोळा ठेवून बसण्यापेक्षा यादी कशी बनते हे समजून घेणे महत्त्वाचे.

विभागांशी संलग्न, म्हणजे एकेका मंत्रालयाचे किंवा काही मंत्रालयांचे काम तपासणाऱ्या, अशा २४ स्थायी समित्या आहेत. १९९३ मध्ये त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, आणि मंत्र्याला सदस्य होता येत नाही. २४ पैकी १६ समित्यांचे काम लोकसभा सचिवालय पाहते आणि ८ समित्यांचे राज्यसभा सचिवालय. तुमची आरोग्य समिती राज्यसभा सचिवालयाकडे आहे. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण लोकसभा सचिवालयाच्या पत्त्यावर गेलेले आरोग्य समितीचे निवेदन योग्य टेबलावर पोहोचायला उशीर लागतो. तुमचा ईमेल कुठल्या पत्त्यावर गेला ते आज पहिल्यांदा तपासा.

समिती नव्याने बसली की वर्षभरासाठी विषय निवडते. सचिवालय मंत्रालयाकडून पार्श्वभूमीची टिपणी मागवते. मग अधिकाऱ्यांची पहिली बैठक होते, तीत ते विषयाची माहिती देतात. विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा असेल किंवा विधेयक असेल तर वृत्तपत्रांत आणि संकेतस्थळावर जाहीर सूचना येते आणि निवेदने मागवली जातात, बहुतेकदा १५ दिवसांच्या मुदतीत. निवेदने आली की सचिवालयातले अधिकारी ती वाचतात, मुद्दे वेगळे काढतात, मंत्रालयाचे म्हणणे मागवतात. त्यातून कोणाला बोलावायचे हे समितीचे अध्यक्ष ठरवतात, सदस्यही नावे सुचवतात. बैठकीचा दिवस आणि वेळही अध्यक्षच ठरवतात. इतके सगळे झाल्यावर तुम्हाला संकेतस्थळावर ती ओळ दिसते.

त्या ओळीतली तारीख बाजूला ठेवा आणि कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर वाचा. मंत्रालयाच्या प्रतिनिधींकडून माहिती ऐकणे असे लिहिले असेल तर समिती विषयाच्या सुरुवातीला आहे. तज्ज्ञ, संस्था किंवा संबंधित घटकांची मते ऐकणे असे असेल तर बाहेरच्या साक्षीदारांचा टप्पा चालू आहे आणि तो बहुधा एका बैठकीत संपत नाही, म्हणजे तुम्हाला अजून जागा आहे. मंत्रालयाच्या प्रतिनिधींची साक्ष असे असेल तर समिती बाहेरून गोळा केलेले मुद्दे सचिवांपुढे ठेवून उत्तरे मागते आहे. या टप्प्यावरही एखादा नेमका कागद कामाला येतो, कारण तुमच्या आकडेवारीवरून एखादा सदस्य सचिवांना प्रश्न विचारू शकतो. विधेयकाच्या बाबतीत कलमवार विचार असे दिसले तर फार उशीर झाला आहे असे समजा. मसुदा अहवालाचा विचार आणि स्वीकृती असे दिसले तर दार बंद झाले. त्यानंतर समितीकडे काही पाठवण्यात अर्थ उरत नाही, मग मंत्रालय आणि सभागृहातल्या चर्चेकडे वळावे.

तुम्ही दिलेल्या ओळीत मंत्रालयाच्या प्रतिनिधींकडून माहिती ऐकणे असे आहे. म्हणजे तुम्ही उशिरा आलेला नाहीत. पण पुढच्या आठवड्यात तुम्ही दिल्लीत असण्याचा काहीच उपयोग नाही, त्या दिवशी आत फक्त अधिकारी असतील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणाने सांगते. पहिली म्हणजे समितीचा प्रकार. स्थायी समिती कायम असते, पण तिची मुदत वर्षाची आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती नव्याने बसते. मुदत संपत आली की अहवाल उरकण्याची घाई असते, आणि राहिलेला विषय नवी समिती पुढे नेईलच असे नाही. संयुक्त समिती (दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची) किंवा प्रवर समिती (एकाच सभागृहाच्या सदस्यांची) एकाच विधेयकासाठी नेमतात, तिला सभागृह मुदत घालून देते आणि ती मुदत बऱ्याचदा वाढते. अशा समितीच्या बैठका लागोपाठ होतात, राज्यांत दौरेही होतात. उदाहरणार्थ, एकत्रित निवडणुकांच्या विधेयकावरची ३९ सदस्यांची संयुक्त समिती २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत आली होती.

दुसरी गोष्ट हंगामाची. अर्थसंकल्प मांडला की अधिवेशनाला मध्ये सुट्टी पडते आणि त्या काळात स्थायी समित्या आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकीचे विषय जवळजवळ थांबतात. त्या काळात उत्तर आले नाही तर दुर्लक्ष झाले असा अर्थ काढू नका. पण तुमच्या विषयातल्या एखाद्या योजनेचा पैसा खर्चच होत नसेल, तर ते पुराव्यानिशी सांगायला हाच काळ सगळ्यात चांगला.

तिसरी गोष्ट राजकारणाची. वादग्रस्त विधेयकाच्या समितीत साक्षीदार कोण असावेत यावरूनच सदस्यांमध्ये तणाव असतो. तिथे छोट्या संस्थेला बोलावणे येणे कधी सोपे होते, कधी अशक्य. ते आधी सांगता येत नाही. आणि लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेत मांडलेले विधेयक समितीसकट बाद होते. मुलींच्या लग्नाचे किमान वय २१ करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे गेले, समितीची मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि सतराव्या लोकसभेबरोबर ते विधेयक संपले. अनेक महिला संस्थांनी त्यावर मनापासून कष्ट घेतले होते. असे होऊ शकते हे धरूनच काम करावे लागते.

आता निवेदनाकडे येते, कारण खरे काम तिथे आहे. तुम्ही पाठवलेला मजकूर मी वाचला. कळकळ पानोपानी आहे आणि ती खरी आहे. पण सचिवालयातला अधिकारी तो वाचून काय करणार याचा विचार करा. त्याच्यापुढे शेकडो निवेदने असतात. त्याला प्रत्येकातून मुद्दा, त्याचा आधार आणि मागणी या तीन गोष्टी एका तक्त्यात भरायच्या असतात. तुमच्या अकरा पानांतून त्या तीन गोष्टी त्याला शोधाव्या लागल्या तर तो त्याला दिसेल तेवढेच भरेल, आणि तुमचा सगळ्यात मोलाचा मुद्दा नवव्या पानावर आहे.

म्हणून मी संस्थांना सांगते की पहिल्या पानावर तुम्ही कोण आणि किती वर्षे, कुठे काम करता ते चार ओळींत लिहा आणि लगेच मागण्या लिहा. विधेयक असेल तर कलमाचा क्रमांक, आत्ताची शब्दरचना, तिच्यामुळे कोणाचे काय नुकसान होईल आणि तिच्या जागी काय शब्द हवेत, इतके एका परिच्छेदात बसवा. हवी ती शब्दरचना तुम्हीच लिहून द्या. विषय असेल तर कुठली योजना, कुठला नियम, कुठले परिपत्रक, आणि त्यात नेमका कुठला बदल हे लिहा. तुमच्याकडे नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतल्या रुग्णांची बिले आहेत, ती दिल्लीतल्या कोणत्याही मोठ्या संस्थेकडे नाहीत. नावे झाकून त्यांतली निवडक बिले परिशिष्टात जोडा. एकाच शस्त्रक्रियेचा दर दोन रुग्णालयांत किती वेगळा लागला हे समितीला तुमच्या कागदांवरून कळेल. समितीपुढे तर्क सगळेच मांडतात. जिल्ह्यातून आलेला, तपासून पाहता येईल असा कागद फार कमी जणांकडे असतो. छोट्या संस्थांचे बळ इथे आहे आणि त्यांना स्वतःला ते ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

दोन पथ्ये पाळा. स्थायी समित्या मंत्रालयाच्या रोजच्या प्रशासनात शिरत नाहीत, त्यामुळे अमुक अधिकाऱ्याची बदली करा, तमुक रुग्णालयाची चौकशी करा अशा मागण्या बाजूला काढा. आणि न्यायालयात चालू असलेल्या खटल्याबद्दल लिहू नका. तुमच्या निवेदनात एका रुग्णालयाविरुद्धच्या खटल्याची तीन पाने आहेत, ती काढून टाकली तर उरलेले अधिक वाचले जाईल.

भाषेबद्दल. जाहीर सूचनेत बहुतेक वेळा निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत मागितलेले असते. मराठीत पाठवायला मन ओढते हे मी समजू शकते, रुग्णांचे म्हणणे मराठीतच आहे. मूळ मराठी जबाब परिशिष्टात जरूर जोडा, पण मुख्य निवेदन त्या दोनपैकी एका भाषेत असू द्या. साक्षीला बोलावले आणि मराठीत बोलायचे असेल तर सचिवालयाला आधीच लेखी विचारा. ऐन वेळी दुभाष्याची सोय होईल अशी आशा धरून जाऊ नका.

आणि एक वाक्य तुमच्या निवेदनात नाहीच, त्यामुळे तुमचे नाव साक्षीदारांसाठी विचारात आले नसावे असा माझा अंदाज आहे. समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची इच्छा आहे, असे स्वतंत्रपणे लिहावे लागते. सूचनेतच तसे म्हटलेले असते आणि अंतिम निर्णय समितीचा राहील असेही म्हटलेले असते. हे वाक्य पहिल्या पानावर घाला आणि बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, अनुभव, फोन द्या.

नेमक्या निवेदनांनी काय होऊ शकते याचे एक उदाहरण देते. २०१९ चे सरोगसी (दुसऱ्या जोडप्यासाठी मूल पोटात वाढवणे) विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत आले आणि भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीकडे गेले. मूळ विधेयकात सरोगेट आई जवळची नातेवाईकच हवी अशी अट होती. डॉक्टर, वकील, महिला संस्था सगळ्यांचे ऐकून समितीने फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल दिला आणि ती अट काढून इच्छुक स्त्री असे सुचवले, सरोगेट आईचा विमा १६ महिन्यांऐवजी ३६ महिन्यांचा करावा असे सुचवले. २०२१ च्या कायद्यात हे दोन्ही बदल आले. ३६ महिन्यांचा विमा ही छोटी गोष्ट वाटते, पण बाळंतपणानंतरची गुंतागुंत वर्षा-दीड वर्षांनी डोके वर काढते तेव्हा त्या बाईसाठी ती छोटी नसते.

याच्या उलट, संख्येवर भिस्त ठेवू नका. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त समितीकडे २०२४ मध्ये ९० लाखांच्या वर निवेदने आली. भावना कळायला ती संख्या उपयोगी असेल, पण एकाच मजकुराचे हजारो ईमेल तक्त्यात एकच ओळ होऊन बसतात. तुम्ही विचारले आहे की सगळ्या कार्यकर्त्यांना तोच ईमेल पाठवायला सांगू का. नको. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे वेगळा अनुभव आहे, म्हणजे परिचारिका, डायलिसिसचे रुग्ण, जनआरोग्य योजनेच्या रुग्णांना रुग्णालयात मदत करणारी एखादी आरोग्यमित्र, अशा तिघाचौघांनी आपापले दोन पानी निवेदन पाठवावे.

बोलावणे आलेच तर काय होते तेही सांगते. सचिवालयाकडून पत्र येते, बहुधा थोड्याच दिवसांच्या अंतराने. येणाऱ्यांची नावे आणि ओळखपत्रे आधी कळवावी लागतात, त्यावर प्रवेशाचे पास बनतात. यादीत नसलेला सहकारी स्वागतकक्षातच राहतो, म्हणून नावे विचार करून द्या. वेळेच्या बरेच आधी पोहोचा. बैठकीला एक तृतीयांश सदस्यांचा कोरम (किमान हजेरी) लागतो आणि अधिवेशनाच्या दिवसांत सदस्यांना सभागृहातून यावे लागते, त्यामुळे वेळ मागेपुढे होते, कधी बैठकच पुढे ढकलली जाते. परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नका.

आत गेल्यावर अध्यक्ष साक्षीदारांना सांगतात की बैठकीतले बोलणे समितीचा अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत गोपनीय आहे, आणि तुमची साक्ष पुढे प्रसिद्ध होऊ शकते. एखादा भाग गोपनीय ठेवायचा असेल तर तसे तिथेच सांगावे लागते, तरीही तो खासदारांना उपलब्ध होऊ शकतो. रुग्णांची नावे घेऊन बोलणार असाल तर याचा आधी विचार करा. मग ओळख, आणि मग तुम्हाला बोलायला थोडा वेळ मिळतो. त्याच बैठकीत आणखी दोन-तीन संस्था असतील तर तो वेळ दहा मिनिटांच्या आतही येऊ शकतो. निवेदन वाचून दाखवण्यात तो घालवू नका, ते सदस्यांपुढे असते. तीन मुद्दे मांडा आणि थांबा. खरा उपयोग प्रश्नोत्तरांचा असतो.

प्रश्न कधी तिखट असतात. सदस्य विरुद्ध बाजूने विचारतो म्हणजे तो तुमच्या विरोधात आहे असे नसते, मंत्रालय जे म्हणणार आहे तेच तो तुम्हाला आधी विचारून पाहत असतो. माहीत नसेल तर अंदाजाने आकडा सांगू नका, लेखी उत्तर देतो म्हणा. बऱ्याच प्रश्नांची उत्तरे अशी मागाहून लेखी मागितली जातात आणि त्यांना मुदत असते. ती मुदत पाळणाऱ्या संस्था फार थोड्या, आणि पाळणाऱ्यांचे मुद्दे अहवालात जास्त दिसतात हे मी वारंवार पाहिले आहे. बोललेले सगळे शब्दशः टिपले जाते. तुमच्या बोलण्याची प्रत तुमच्याकडे तपासायला येते तेव्हा उच्चाराच्या आणि आकड्यांच्या चुका सुधारा, नवे मुद्दे त्यात घुसवू नका.

रस्त्यावरच्या आंदोलनातून आलेल्या माणसांनाही हाच मार्ग घ्यावा लागतो. २०११ मध्ये लोकपालाच्या आंदोलनाने देश ढवळून निघाला होता, तरी राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे आणि त्यांचे सहकारी अभिषेक मनू सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीपुढे आपले म्हणणे मांडायला गेलेच.

आता फेसबुकचे. ते निवेदन तिथून काढा, आजच. समितीच्या सूचनेत सहसा लिहिलेले असते की आलेले निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होते, ते गोपनीय मानले जाते आणि त्याला समितीचे विशेषाधिकार लागू होतात. समितीला दिलेला कागद तसाच बाहेर फिरला तर हक्कभंगाचा, म्हणजे संसदेचे विशेषाधिकार मोडल्याचा, प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून घाबरून गप्प बसायचे असे नाही. रुग्णांच्या बिलांबद्दल तुमचे मत तुम्ही कालही मांडत होतात, उद्याही मांडा, लेख लिहा, सभा घ्या. फक्त समितीला दिलेले निवेदन, समितीकडून आलेले पत्र आणि आत झालेले बोलणे यांतले काहीही बाहेर देऊ नका. ॲनेक्सच्या दारातून बाहेर पडल्यावर पत्रकार विचारतात तेव्हाही नाही.

खासदारांना भेटण्याबद्दल तुम्ही विचारले आहे. जरूर भेटा, पण आधी समितीची सदस्ययादी उघडून बघा. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, जवळजवळ प्रत्येक समितीत आपल्याकडचे कोणी ना कोणी सापडते. त्यांना मतदारसंघातल्या कार्यालयात भेटा, दोन पानांचा सारांश द्या. तुमच्या मतदारसंघाचे खासदार समितीत नसतील तरी ते अध्यक्षांना पत्र लिहून तुमचे नाव सुचवू शकतात. फक्त एकाच पक्षाच्या खासदाराकडे जाऊ नका. समितीत पक्षाच्या पलीकडे जाऊन बोलणारे सदस्य असतात, ती तिची सगळ्यात चांगली बाजू आहे, आणि तुमचा मुद्दा एका पक्षाचा म्हणून ओळखला गेला तर ती बाजू तुम्ही गमावता.

अभ्यासदौऱ्यावरही लक्ष ठेवा. समित्या मुंबईला बऱ्याचदा येतात. दौऱ्यातली चर्चा अनौपचारिक असते, साक्ष म्हणून तिची नोंद होत नाही, आणि तिथेही बोलावल्याशिवाय जाता येत नाही. पण नाशिकहून मुंबई जवळ आहे, तेव्हा दौरा असेल तर आम्हाला मुंबईत बोलवा असे पत्रात लिहून ठेवायला हरकत नाही.

एवढे सगळे करून हाती काय येते, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे आणि तो रास्त आहे. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. भूसंपादनाचे २०११ चे विधेयक सुमित्रा महाजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तपासले आणि मे २०१२ मध्ये सांगितले की खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादित करूच नये. २०१३ च्या कायद्यात तशी बंदी आली नाही. खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती, इतपत गोष्ट थांबली. आणि समित्यांकडे जाणारी विधेयकेही घटली आहेत. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. हे मला मनापासून खटकते. समितीच्या टेबलावर नाशिकच्या रुग्णाचे बिल पोहोचू शकते, सभागृहाच्या गोंधळात ते पोहोचत नाही.

तरीही अहवाल वाया जात नाही. तुमच्याच क्षेत्रातले बघा. आरोग्य समितीच्या मे २०१२ च्या ५९ व्या अहवालाने केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेचे काम उघडे केले. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३१ नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचण्या न होताच मंजूर झाली हे त्यात नोंदवले आहे. त्याच समितीच्या मार्च २०१६ च्या ९२ व्या अहवालाने वैद्यकीय शिक्षण आणि डॉक्टरांचे नियमन करणाऱ्या मेडिकल कौन्सिलच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले आणि पुढे २०१९ मध्ये कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा आला. आणि ९ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कल्पना मेहता प्रकरणात सांगितले की न्यायालयांना संसदीय समितीच्या अहवालाची दखल घेता येते, मात्र त्या अहवालाच्या वैधतेला तिथे आव्हान देता येत नाही. म्हणजे तुमची आकडेवारी अहवालात आली तर उद्या एखाद्या रुग्णाच्या वकिलाला तिचा आधार घेता येईल.

अहवाल मांडला गेला की सरकारने तीन महिन्यांत काय कार्यवाही केली ते कळवायचे असते, आणि समिती त्यावर पुन्हा एक अहवाल काढते. संबंधित मंत्र्याने सहा महिन्यांतून एकदा सभागृहात निवेदन करायचे असते. बहुतेक संस्था साक्ष झाली की विषय सोडून देतात. मंत्रालयाने कुठली शिफारस नाकारली आणि कारण काय दिले, हे त्या दुसऱ्या अहवालात असते. पुढच्या लढाईचा मुद्दा तिथेच सापडतो.

तेव्हा या आठवड्यात इतके करा. फेसबुकवरचा मजकूर काढा. राज्यसभा सचिवालयातल्या आरोग्य समितीच्या कार्यालयाला फोन करून निवेदन नोंदले गेले आहे का ते विचारा. तिथले अधिकारी कामात बुडालेले असतात, पण नीट विचारले तर नीट सांगतात. खटल्याची पाने वगळून, मागण्या पुढे आणून, बिलांचे परिशिष्ट जोडून पूरक निवेदन पाठवा आणि प्रत्यक्ष बोलण्याची इच्छा त्यात लिहा. मुदत उलटली असेल तर उशिराबद्दल एका ओळीत विनंती करा. साक्षी चालू असेपर्यंत असे पूरक कागद घेतले गेल्याचे मी पाहिले आहे, घेतले जातीलच अशी खात्री देता येत नाही. पहिल्या पानाचा मसुदा तयार झाला की इथे टाकू नका, मला खासगी संदेशात पाठवा, मी वाचून देईन.